कोपराजवळची जखम

या, जवळ या. मागे भिंतीला पाठ लावून बसलात त्यांनीही पुढे सरका. आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. एरवी तुम्हाला क्षमेची आख्यानं ऐकवतो, आज सुडाचं ऐकवतो. देवाचं नाव घेतल्या तोंडाने सुडाची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, रागावलेली माणसं काय देवाची नाहीत? तेव्हा कान इकडे द्या, आणि ते मोबाइल गप्प करा. त्यांना काय कळतंय!

१

एका संशोधन संस्थेत सकाळी प्रात्यक्षिक भरलं होतं. टेबलावर एक रबरी हात ठेवलेला, दंडापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. त्याच्यावर, दांडीला अडकवलेलं, तळहाताएवढं पॅनेल. पॅनेलवर तांब्याच्या चौकोनांची रांग. एकेक चौकोन तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि सगळे एका बारीक तांब्याच्या रेषेत ओवलेले, जशी माळ. हा चपटा, छापील ॲन्टेना. मायक्रोस्ट्रिप म्हणतात त्याला. त्यातून निघणाऱ्या मिलिमीटर लहरी कापडातून आत जातात आणि ओल्या जखमेवरून परत येतात. म्हणजे भाजलेल्या माणसाची पट्टी न सोडता आतली जखम पडद्यावर दिसते. भाजलेल्या लेकराची पट्टी सोडताना त्याचं रडणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना या यंत्राचं मोल मी काय सांगणार?

विभागाचे प्रमुख नव्या कोटात उभे होते. पाहुणे म्हणून आलेल्या सर्जनबाईंना त्यांनी पेन दिलं. "पडद्यावर जखम जिथे दिसेल तिथे पट्टीवर खूण करा. मग पट्टी कापून बघा."

पडद्यावर लाल डाग उमटला. मनगटाजवळ. सर्जनबाईंनी तिथे गोल काढला, कात्री चालवली, पट्टी बाजूला केली.

आत काहीच नव्हतं. स्वच्छ रबर.

त्यांनी पट्टी वरपर्यंत कापत नेली. ओल्या जेलची खोटी जखम निघाली ती थेट कोपराजवळ.

"हा हात तुमच्या रुग्णाचा असता," सर्जनबाई कात्री खाली ठेवत म्हणाल्या, "तर मी त्याची चांगली कातडी खरवडून जखम तशीच ठेवली असती. उद्यापासून हे यंत्र माझ्या वॉर्डात येणार होतं ना?"

प्रमुखांचा चेहरा तांब्यासारखा झाला. ते वळले आणि खोलीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका मुलीकडे बोट दाखवून ओरडले, "घातपात आहे हा! रबरी हात हिने तयार केला!"

ती संशोधक विद्यार्थिनी. कामापुरतंच बोलायची म्हणून सगळे तिला मौनी म्हणत. तिचा प्रबंध पुरा होत आला होता. आरोप खरा ठरला तर प्रबंध केराच्या टोपलीत आणि ती फाटकाबाहेर.

पण संस्थेच्या संचालिका बाईंनी एक गोष्ट पाहिली आणि त्या चपापल्या. ती मुलगी घाबरलेली नव्हती.

२

संचालिका बाईंनी मोजणीमामांना बोलावलं. मोजमापाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. खोटं बोलणारं उपकरण त्यांना चार हात लांबून ओळखू येई. माणसांच्या बाबतीत थोडा जास्त वेळ लागतो, असं ते स्वतःच सांगत.

आधी भांडारवाल्या ताई आल्या. पॅनेल त्यांच्या कपाटात असे.

"किल्ली माझ्या कमरेला, मामा. अंघोळीलासुद्धा काढत नाही."

"नवऱ्याची काही तक्रार?"

"तो म्हणतो, चालताना बैलासारखी वाजतेस." ताई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पॅनेल कुणी बदललं नाही. कारखान्यातून आलेली जोडीची पॅनेलं अजून पाकीटबंद आहेत. शिक्के बघा हवं तर."

मग आला प्रोग्रामवाला. प्रमुखांचा मेहुणा. परत आलेल्या लहरींपासून चित्र तयार करणारा प्रोग्राम तो सांभाळायचा, आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्याने प्रोग्राम उघडल्याची नोंद यंत्रात दिसत होती.

"आता मलाच धरा!" तो आल्याआल्याच म्हणाला. "दाजींनी सांगितलं जखम पिवळी नको, लाल दाखव. लाल केली. त्यापलीकडे हात लावला असेल तर हात झडो."

"चित्र मनगटाचं कोपराला करायला किती काम पडतं?"

"एक उणे चिन्ह. पण मामा, तो आतला गाभा मी लिहिलेलाच नाही. दाजींनी दिला तसा आहे. मला तर त्यातलं निम्मं कळतही नाही. घरी माझ्या बहिणीला सांगू नका."

शेवटी प्रमुख. खुर्चीत बसले तेच मुळी न्यायाधीशासारखे.

"पॅनेलचा आराखडा कुणाचा?" मामांनी विचारलं.

"माझा. रेघन् रेघ माझी."

"कुणाची मदत? एखाद्या जुन्या सहकाऱ्याची?"

"रेघन् रेघ, म्हटलं ना! आणि गाभासुद्धा माझाच. लिहून घ्या."

"तयार कुठे केलंत?"

"कारखान्यात. मी संगणकावर काढतो, फाइल जाते, पॅनेल येतं. आम्लाच्या टबात तांबं बुडवत बसणारे हौशी लोक वेगळे. माझ्या हाताला आजवर रसायनाचा थेंब लागलेला नाही." त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. खरोखरच लोण्यासारखे होते. "मामा, वेळ घालवू नका. त्या मुलीला विचारा."

"विचारणारच. तिच्याआधी पॅनेलला विचारतो. ते जास्त बोलकं दिसतंय."

३

चाचणीच्या खोलीत भिंतींवर, छतावर, सगळीकडे काळ्या फोमचे सुळके. लहर भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. आत शिरलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो.

मामांनी प्रोग्राम बंदच करून टाकला. या पॅनेलची गंमत अशी, की त्यातली कंपनसंख्या वाढवत नेली की लहरींचा झोत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, अंधाऱ्या खोलीत विजेरी फिरवावी तसा. प्रोग्राम धरून चालतो की झोत कोपराकडून निघून मनगटाकडे जातोय. मामांनी हातात लहरी पकडणारा छोटा ग्राहक घेतला, पॅनेलसमोर तो हळूहळू फिरवला, आणि मीटरकडे पाहत राहिले.

झोत मनगटाकडून कोपराकडे चालला होता.

"म्हणजे प्रोग्रामवाला सुटला," दारातून संचालिका बाई म्हणाल्या. "पॅनेलच उलटं. कुणी तरी बदललं!"

मामांनी भांडारातलं पाकीटबंद पॅनेल मागवलं. बाईंसमोर शिक्का फोडला, पॅनेल लावलं, ग्राहक फिरवला.

तेही उलटं. त्यानंतरचंही.

"बाई," मामा म्हणाले, "कुणी काही बदललेलं नाही. ही सगळी भावंडं जन्मतःच डावरी आहेत."

"पण वर्षभर चाचण्या झाल्या! एकदाही कसं कळलं नाही?"

मामांनी चाचण्यांची चित्रं पडद्यावर एकामागून एक बघितली. प्रत्येक चित्रात डाग मधोमध. प्रमुखांना डाग मध्यावर आवडे. अहवालात देखणा दिसतो. आणि मधोमध ठेवलेली वस्तू आरशात पाहिली काय नि समोर पाहिली काय, मधोमधच राहते.

"म्हणजे चूक वर्षभर तिथेच होती. फक्त जखम मध्यापासून हलवायची खोटी," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"आणि आज ती हलवली," मामा म्हणाले. "पाठवा मौनीला."

४

मामांनी पॅनेलचा आराखडा पातळ कागदावर छापून घेतला होता. मौनी समोर बसल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला. "बाळ, यात काय चुकलंय ते सांगशील?"

त्याआधी तोच कागद त्यांनी प्रोग्रामवाल्याला दिला होता, भांडारवाल्या ताईंना दिला होता, प्रमुखांनाही. सगळ्यांनी तो जसा दिला तसा पाहिला.

मौनीने कागद उचलला, पालथा केला, उठून खिडकीच्या काचेवर टेकवला, आणि मागून दिसणाऱ्या रेषांकडे पाहत राहिली. हे सगळं तिने विचार न करता केलं, आपण चष्मा पुसतो तसं. मग तिला आपण काय केलं ते कळलं आणि ती थिजली.

"कोण करायचं तुमच्या घरी?" मामांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मौनीने कागद काचेवरून काढला.

"घरी पॅनेल करायचं तर आराखडा पारदर्शक फिल्मवर छापायचा. फिल्म शाईच्या बाजूने तांब्यावर पालथी घालायची, म्हणजे शाई तांब्याला चिकटून राहते आणि रेघ फाटत नाही. वरून प्रकाश टाकला की रेघांचा ठसा तांब्यावरच्या लेपात उमटतो, मग आम्ल. फिल्म पालथी पडणार, म्हणून चित्र आधीच उलटं काढून ठेवायचं. असं काम करणारा माणूस आराखडा हातात आला की पालथाच बघतो. त्याच्या शेजारी बसून मोठी झालेली मुलगीही तसंच बघते." मामा थांबले. "कोण होते ते, बाळ?"

"बाबा," मौनी म्हणाली. कोंडलेलं पाणी बांध फुटून यावं तसं मग सगळं आलं. "याच संस्थेत होते. या प्रमुखांनी पैसे मंजूर केले नाहीत म्हणून न्हाणीघरात टब मांडून पॅनेल केलं. आई घड्याळ धरून बसायची, मी फिल्म धरायचे. झालं तेव्हा मोठ्या विश्वासाने आराखडा नि प्रोग्राम यांच्याकडे तपासायला दिला. यांनी शेरा मारला, निरुपयोगी. पुढे यांच्याच नावावर तो बाहेर आला. बाबांनी तक्रार केली, तर बाबांनाच चोर ठरवून काढून टाकलं. मोठ्या माणसाची कल्पना चोरणारा, म्हणे! शेजारीपाजारी विचारायला लागले. बाबा घराबाहेर पडायचे बंद झाले. एका सकाळी आई उठवायला गेली, तर..."

"आणि तू आईचं आडनाव लावून इथे आलीस."

"पॅनेल हातात घेतलं त्याच दिवशी कळलं. यांनी फाइल तशीच कारखान्यात पाठवली. कारखाना काही फिल्म पालथी घालून चित्र सुलटवत नाही, जसं दिलं तसं छापतो. यांना हे माहीतच नव्हतं, मामा. स्वतः केलं असेल तर माहीत असेल ना!"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? बाबा बोललेच होते की." तिचे डोळे कोरडे होते, आणि ते बघवत नव्हतं. "मला यांच्या तोंडून ऐकायचं होतं. चार लोकांत, आरडाओरडा करत, की रेघन् रेघ माझी. मग त्याच रेघांनी त्यांना फासावर चढवायचं होतं. मी काहीच बिघडवलं नाही. जखम फक्त कोपराकडे ठेवली."

"आणि प्रात्यक्षिक रद्द होऊन यंत्र थेट वॉर्डात गेलं असतं तर?"

"दारात आडवी पडले असते. सगळं सांगून टाकलं असतं."

"सूड वाया गेला असता."

"गेला असता," ती म्हणाली. "पेशंट काही माझा वैरी नाही."

मामांनी आराखड्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग विचारलं, "पण तुझी हकिकत म्हणजे पुरावा नव्हे. ते म्हणतील, उलटं काढलं ही माझी चूक. चूक कुणाचीही होते. मग काय करशील?"

मौनीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. एवढा लांबवर विचार केला होता तिने, आणि नेमका हा एक दरवाजा उघडा राहिला होता.

५

सगळे सभागृहात जमले. प्रमुख, त्यांचा मेहुणा, भांडारवाल्या ताई, सर्जनबाई, संचालिका बाई. मौनी दाराशी.

मामांनी उलटा झोत सांगितला, पाकीटबंद पॅनेलांचं सांगितलं, आणि ही मुलगी कुणाची ते सांगितलं. प्रमुख ताडकन उठले.

"त्या चोराची मुलगी! बघा, सूड उगवायलाच आली होती ना?"

"हो," मौनी म्हणाली. एवढंच.

"कबूल करतेय! बाई, हिला आत्ता बाहेर काढा."

"बसा," मामा म्हणाले. "आराखडा उलटा कसा, ते आधी सांगा."

प्रमुख सावरले. हुशार माणूस, उगाच नव्हता त्या खुर्चीत. खाली बसून त्यांनी चष्मा पुसला आणि हसले. "चूक झाली, मामा. माणूस आहे. उजव्याचं डावं झालं. त्यासाठी मला सुळावर देणार का?"

मौनीने मामांकडे पाहिलं. हाच तो उघडा दरवाजा, आणि प्रमुख त्यातून आरामात बाहेर चालले होते.

"एका चुकीसाठी कुणी सुळावर देत नाही," मामा म्हणाले. "मी तर म्हणेन, चूक झाली असेल तर दुरुस्त करून मोकळे व्हा. आता मला दुसरं काही सांगा. तुमच्या अहवालात लिहिलंय की पॅनेल अपेक्षेपेक्षा जरा खालच्या कंपनसंख्येला उत्तम चालतं. कारण?"

"साहित्यातला फरक. होतं असं."

"साहित्य मी तपासलं. चोख आहे. चौकोन मोजले. प्रत्येक चौकोन हिशेबापेक्षा किंचित मोठा आहे, आणि मोठा चौकोन खालच्या सुराला वाजतो. एखाददुसरा नाही, सगळे. प्रत्येक कडेला तेवढीच वाढ. हात चुकला असता तर एक मोठा, एक लहान झाला असता. ही शिलाईसाठी सोडलेल्या कापडासारखी मोजून ठेवलेली वाढ आहे. कशासाठी ठेवलीत?"

प्रमुखांनी समोरचा अहवाल ओढून घेतला आणि पानं उलटली.

"रेघन् रेघ तुमची ना? मग सांगा."

प्रमुखांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला.

"मौनी, तू सांग," मामा म्हणाले.

ती दारापासून पुढे आली. "टबातलं आम्ल तांबं वरून खातं तसं लेपाच्या कडेखालूनही खातं. प्रत्येक रेघ बारीक होते. म्हणून काढतानाच कडेला वाढ द्यायची. बाबांचा टब किती खातो ते बाबांना माहीत होतं. कारखाना आपल्या आम्लाचा हिशेब स्वतःच करतो. त्यामुळे ती वाढ पॅनेलवर तशीच राहिली."

मामा प्रमुखांकडे वळले. "एक खूण असती तर चूक म्हणून सोडली असती. पण उलटं चित्र टबासाठी, कडेची वाढही टबासाठी. आणि टबात हात न घातल्याचं तर तुम्हीच तळवे उघडून सांगितलंत. शिवाय तुमचा गाभा झोत सुलट धरतो आणि तुमचाच आराखडा उलट. ज्याच्या घरी चित्र पालथं घातल्यावर सुलट होत होतं, त्याच माणसाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. तो माणूस तुम्ही नाही."

प्रोग्रामवाला हळूच म्हणाला, "दाजी, काही तरी बोला ना." आणि दाजी काही बोलेनात तेव्हा त्याने आपली खुर्ची बाजूला सरकवली. त्या खुर्चीच्या आवाजाने प्रमुख जे खचले, ते मामांच्या एकाही वाक्याने खचले नव्हते.

शेवटी ते मौनीकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या लेखात तुझ्या वडिलांचं नाव माझ्याबरोबर घालू. सहलेखक म्हणून. मिटवून टाकू."

"तुमच्या नावाशेजारी?" मौनी म्हणाली. "त्यांच्या नावाला तुमचा विटाळ मी होऊ देणार नाही."

६

प्रमुखांची खुर्ची गेली, मानाची पत्रं परत गेली, आणि ज्या मंडळाने बापाला चोर ठरवलं होतं त्यानेच आपला निकाल मागे घेतला. मौनीचा प्रबंध तपासायला बाहेरची माणसं आली. आराखडा सुलटा केला, कडा छाटल्या, नवं पॅनेल आलं. त्याच्या पाटीवर एकाच माणसाचं नाव आहे.

वॉर्डात पहिल्यांदा ते एका छोट्या मुलीच्या पायावर धरलं. पट्टी सोडली नाही. पोरगी आधी डोळे गच्च मिटून होती, मग एक उघडून म्हणाली, "झालं? एवढंच?" सर्जनबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मौनी बाहेर आली तेव्हा पायरीवर प्रमुख उभे होते. कोट नव्हता, दाढी वाढलेली. त्यांनी हात जोडले.

"क्षमा कर, पोरी."

तुम्हाला वाटेल, इथे तिचं मन द्रवलं असेल. मलाही तसंच सांगायचं होतं. आयुष्यभर अशीच आख्यानं ऐकत आलोय, टाळ्या वाजवत, डोळे पुसत. पण झालं ते असं झालं. ती म्हणाली, "क्षमा मागायची तर त्यांच्याकडे मागायची होती, ते होते तेव्हा. माझ्याकडे द्यायला ती नाही." आणि जिना उतरून गेली. त्या रात्री तरी तिला शांत झोप लागली असेल ना, असं मी तिच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "नाही हो. अजून दात खाते झोपेत."

आता उठाल, देवापुढे उभे राहाल, आपापल्या माणसांसाठी काहीबाही मागाल. त्यात तिचीही आठवण ठेवा. तिच्या बापाची आठवण आता पुष्कळ जण काढतात. तुम्ही तिला आठवा.